वापसीची वाईन : प्रकल्पाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुट्टी संपायची आहे, पण विषय ठरला. एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या दोन मुलींना यंदा केळीची वाईन. दोघी रावेर-यावलकडच्या, दोघींच्या घरी केळी.

गेल्या वर्षी प्रॅक्टिकलला द्राक्षाच्या रसात यीस्ट टाकलं, आठवड्यानं आकडे लिहून घेतले आणि फ्लास्क धुवायला काढले. धुण्याआधी मी एका फ्लास्कला नाक लावलं. मूळ रसात नव्हता असा एक वास त्यात आला होता. किण्वनाची समीकरणं मी इतकी वर्षं फळ्यावर लिहिते, पण हा वास कोणत्या ओळीतून आला ते मला सांगता येईना. तेव्हापासून जमेल तिथून वाईनबद्दल वाचते आहे. मुलींना प्रकल्प हवा होता हे खरं. मला निमित्त हवं होतं हेही खरं.

फळ आमच्याच मळ्यातलं, तेही वापसी. बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्याकडे केळीचे भाव एकाच आकड्यात लागत नाहीत. नवतीचा (नव्या लागवडीच्या पहिल्या पिकाचा) वेगळा, पिलबागचा (जुन्या झाडाच्या पिलांवर आलेल्या पिकाचा) वेगळा, कांदेबागचा (पावसाळ्यानंतर लावलेल्या बागेचा) वेगळा. व्यापारी जो माल बाजूला सारतो तो वापसी. आखूड फण्या, करपा रोगानं अकाली पिवळा पडलेला घड, सालीवर चट्टे. आतला गर बहुतेक वेळा उत्तम असतो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण वापसीच्या नशिबी वेफर्सवाला नाहीतर उकिरडा.

१२ नोव्हेंबर

आधी कागद. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे आणि हौसेला त्यात जागा नाही. घरी पाच लिटर वाईन केली तरी ती विनापरवाना मद्यनिर्मितीच. अमेरिकेत दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत वाईन स्वतःपुरती, कर न भरता करता येते. इथं तसं नाही, म्हणून माझी हौस प्रयोगशाळेच्या दारातून. प्राचार्यांची लेखी मंजुरी मिळाली, उत्पादन शुल्क कार्यालयालाही रीतसर कळवून झालं. किती केली, किती चाखली, किती ओतून दिली याचं रजिस्टर ठेवायचं. घरी थेंबही न्यायचा नाही. तसाही आमच्या घरात कोण घेऊ देणार होतं!

स्टाफरूममध्ये एका सरांनी विचारलं, "मॅडम, विषबाधा नाही ना व्हायची?" प्रश्न चुकीचा नाही. फळातल्या पेक्टिनपासून थोडं मिथेनॉल तयार होतंच, द्राक्षाच्या वाईनमध्येही होतं. पण नुसत्या आंबवलेल्या रसात ते अत्यल्प राहतं. गावठीत माणसं मरतात ती बहुतेकदा कोणीतरी कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलेलं असतं म्हणून. आम्ही भट्टी लावणार नाही, गाळणार नाही. एवढं सांगूनही सरांनी चहा जरा लांब बसूनच घेतला.

१७ नोव्हेंबर

घड कापून आणून सहा दिवस झाले. खोलीत गोणपाटाखाली पिकायला ठेवलेत. इथिलीनचं (फळं लवकर पिकवणाऱ्या वायूचं) चेंबर वापरलं नाही, आम्हाला सावकाश पिकलेला माल हवा आहे.

कच्च्या केळीत पिठूळ स्टार्च, तो पिकताना साखरेत उतरतो. यीस्टला स्टार्च खाता येत नाही, साखर खाता येते. म्हणजे सगळा खेळ केळी केव्हा सोलायची याचा. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजणारं उपकरण, घेऊन मुली रोज एक केळं कुस्करतात आणि ब्रिक्स, म्हणजे साखरेची ढोबळ टक्केवारी, लिहितात. पहिल्या दिवशी थेंब इतका चिकट की आकडाच वाचता येत नव्हता. आज साल पिवळी, टोकं अजून हिरवी, १८ च्या आसपास.

सासरे, म्हणजे आमचे नाना, माळकरी आहेत. वाईन हा शब्द त्यांच्यासमोर मी काढत नाही, "कॉलेजचा प्रयोग" म्हणते. पण त्यांना सगळं ठाऊक आहे. आज गोणपाट उचलून एक केळं त्यांनी देठापाशी दाबलं, नाकाशी नेलं आणि परत ठेवलं. "आजून तीन दिस राहू दे. देठ हिरवं हाये." ते गेल्यावर मुलींनी त्याच फणीतलं केळं तपासलं. मधल्या भागात २०, देठाकडे १६. मी आकडा पाहून गप्प बसले आणि तीन दिवस थांबायचं ठरवलं.

आई (सासूबाई) मात्र स्पष्ट बोलतात. "लोकायले काय सांगशील?"

२१ नोव्हेंबर

आज मोठा दिवस. सालीवर काळे ठिपके, ब्रिक्स २२. जवळपास १० किलो केळी सोलून ६ किलो गर निघाला. सालीतच इतकं वजन जातं.

गर पाण्याशिवाय आंबवता येत नाही, लापशीच ती. तेवढंच पाणी, म्हणजे ६ लिटर, उकळून गार करून घातलं. साखर अर्ध्यावर आली, ११. वाईनला १२ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल हवं असेल तर सुरुवात २२ ला करावी लागते (ढोबळ हिशेब: लिटरमागे १७ ग्रॅम साखरेला एक टक्का). पावणेदोन किलोच्या आतबाहेर साखर लागली. साखर घालणं म्हणजे भेसळ असं मुलींना वाटत होतं. त्यांना सांगितलं, फ्रान्सच्या थंड भागातही वाईट वर्षी द्राक्षरसात साखर घालायची रीत आहे आणि तिला नियम आहेत.

केळीचं खरं दुखणं आंबटपणाचं. पीएच (आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ४.८ आला. इतक्या सौम्य रसात नको ते जंतू सुखानं नांदतात आणि चवही बोथट लागते. सायट्रिक आम्ल थेंबाथेंबानं घालत ३.६ वर आणलं. लिंबू पिळायचा विचार होता, पण लिंबाचा वास राहतो.

मग केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, लिटरला ०.१ ग्रॅम. सरबतं आणि जॅम करणाऱ्या बायकांना हे नाव नवीन नाही. त्याचा झणका नाकात गेला की माणूस ते विसरत नाही. सोबत पेक्टिनेझ. हे एन्झाइम पेक्टिनची जाळी तोडतं, त्याशिवाय केळीचा रस सुटतच नाही. उद्यापर्यंत झाकून ठेवायचं.

एक भांडं मात्र केएमएस घालण्याआधीच बाजूला काढलं, त्याचं खाली सांगते.

योगायोग बघा, आज नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार. फ्रान्समध्ये बोजोले नूव्हो ही त्याच वर्षीची कोवळी वाईन या दिवशी बाजारात येते. गामे जातीच्या काळ्या द्राक्षांची ही वाईन पिणाऱ्यांना तिच्यात हटकून केळीचा वास येतो. द्राक्षं न चिरडता घडासकट बंद टाकीत आंबवण्याची पद्धत आणि विशिष्ट यीस्ट, दोन्हींमुळे आयसोअमाइल अॅसिटेट हे एस्टर तयार होतं. केळीच्या वासाचं मुख्य द्रव्य तेच. म्हणजे तिकडे केळीशिवाय केळीचा वास. आमच्याकडे केळी पातेलंभर आहे, वास टिकेल का ते बघायचं.

२२ नोव्हेंबर

मलमलीतून गाळलं. एका रात्रीत लापशीचा पातळ, मातकट रस झाला होता. एन्झाइमचं काम पुस्तकात वाचणं वेगळं आणि हातातून रस गळताना बघणं वेगळं. सुमारे १० लिटर मिळाला, तीन बरण्यांत वाटला. पाच लिटरच्या बरणीत साडेतीन लिटरच्या आत, फेस वर येतो म्हणून.

'अ' बरणी प्रयोगशाळेच्या टेबलावर, जे तापमान असेल ते. 'ब' बरणी थर्माकोलच्या खोक्यात, गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या बदलत १९-२० अंशांवर. दोघींना एकच कोरडं वाईन यीस्ट, ३८ अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं जागवून. यीस्टला नायट्रोजन कमी पडू नये म्हणून चिमूटभर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट). हे ऐकून नाना हसले. घरात १८:४६ ची गोणी पडलीये म्हणाले, घेऊन जा. खताचं डीएपी आणि अन्नात चालणारं डीएपी यांत शुद्धतेचा फरक आहे हे त्यांना समजावताना माझीच दमछाक झाली.

'क' बरणीत ना केएमएस, ना विकतचं यीस्ट. युगांडा, रवांडा, टांझानियात केळीचं मद्य घरोघरी होतं. युगांडात त्याला टोंटो म्हणतात, रवांडात उर्वाग्वा. पिकलेली केळी गवतानं मळून रस काढतात आणि त्यात भाजलेल्या ज्वारीचं भरड पीठ टाकतात. आंबवणारे जंतू त्या पिठाबरोबर आणि हवेतून येतात. ज्वारी नि केळी दोन्ही पिकवणाऱ्या खानदेशात हे कोणाला सुचलं नाही, किंवा सुचलं असेल तर कोणी लिहून ठेवलं नाही. आमच्या दादरच्या, म्हणजे इथल्या ज्वारीच्या, पिठाची मूठ 'क' मध्ये गेली.

२३ नोव्हेंबर

सकाळी सात वाजता 'अ' चं एअरलॉक, म्हणजे आतला वायू सोडून बाहेरची हवा अडवणारं बूच, बोलायला लागलं. 'ब' गप्प. 'क' वर पांढुरका थर.

२६ नोव्हेंबर

रिफ्रॅक्टोमीटर आता कपाटात. अल्कोहोल तयार झालं की तो खोटे आकडे दाखवतो, प्रकाश वळण्याचं गणित बिघडतं. आता हायड्रोमीटर, द्रवाची घनता मोजणारा. साखर संपत जाते तशी घनता उतरते. सुरुवातीची घनता १.०९२ होती. आज 'अ' १.०३०, 'ब' १.०६१, 'क' १.०७०.

'अ' चं तापमान दुपारी २९ पर्यंत चढलं. बाहेर हिवाळा असला तरी आमची दुपार ही दुपारच असते, वर यीस्ट स्वतः उष्णता टाकतं ते वेगळं. एअरलॉकवर नाक धरलं तर केळीच केळी. खोलीभर सुगंध, शिपाईमामा दारातून वाकून विचारून गेले, "शिकरण केलंय का?" मुली खूश. मी खूश नाही. जो वास खोलीत येतो तो बरणीतून गेलेला असतो. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडताना हलकी वासद्रव्यं ओढून नेतो, आणि जितका उकाडा तितकी घाई.

३ डिसेंबर

'अ' २८ तारखेलाच ०.९९८ वर येऊन थांबली. 'ब' आज ०.९९६. सुरुवातीच्या आणि शेवटच्या घनतेतल्या फरकाला १३१ नं गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी येते: 'ब' १२.६ टक्के, 'अ' १२.३. आकड्यांत जवळजवळ जुळ्या. वासात नाहीत. 'अ' ला वरून एक तिखट झोत, नेलपॉलिशच्या बाटलीकडे झुकणारा, गरम आंबवणीत जड अल्कोहोल जास्त तयार होतात त्याचा. 'ब' मध्ये पिकलं केळं आहे, पण मागे. पुढे काहीतरी फुलांचं आहे.

तो वास फळातून आला की यीस्टनं बनवला? उत्तर अर्धं-अर्धं असावं. यीस्ट ल्युसिन नावाच्या अमिनो आम्लापासून स्वतःच आयसोअमाइल अॅसिटेट घडवतं. म्हणजे केळीचा वास केळीतून निघून जातो आणि यीस्ट तोच वास थोडा नव्यानं बांधतं. गेल्या वर्षी फ्लास्कला नाक लावल्यावर पडलेल्या प्रश्नाच्या जवळपास मी आज पोचले. रात्री उशिरापर्यंत झोप आली नाही.

'क' १.०४० वर अडकली. सात टक्क्यांच्या आत अल्कोहोल, आंबूस, ताकाकडे जाणारी. आफ्रिकेत ती दोन-चार दिवसांत ताजी पितात, ठेवतच नाहीत, ते बरोबरच आहे. रजिस्टरात नोंदवून ओतून दिली.

'अ' आणि 'ब' नळीनं दुसऱ्या बरणीत उतरवल्या. तळाशी चार बोटं गाळ.

७ डिसेंबर

चंपाषष्ठी. मळ्यात भरीत. बामणोदकडची हिरवी-पांढरी लांबट वांगी काड्यांच्या जाळात भाजली, लाकडी बडजीत हिरवी मिरची-लसणाबरोबर ठेचली, कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात. जेवताना माझं डोकं नको तिकडे. या भरिताबरोबर कोणती वाईन जाईल? धुराचा वास, तेल, मिरची. लाल वाईनमधलं टॅनिन (तुरटपणाचं द्रव्य) मिरचीला आणखी भडकवतं आणि अल्कोहोलनं जळजळ वाढते. थोडी गोडसर, आंबट, गार पांढरी लागेल. शेवभाजीला तर मला काहीच सुचत नाही, तिच्यापुढे कुठलीही वाईन पाणीच.

दिरांनी विचारलं, मुलींना दारू करायला शिकवणं शोभतं का. रागानं नाही, काळजीनं. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू द्यायचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला तेव्हा आमच्या घरातही असाच वाद झाला होता, आणि तेव्हा मी विरोधी बाजूला होते. गावात दारूनं उठलेली घरं मी पाहिली आहेत. आजही त्या मतापासून मी फार हललेले नाही. दुकानात सगळ्यांच्या हाताशी बाटली ठेवणं आणि पाच लिटरची बरणी महिनोन्‌महिने राखणं या दोन गोष्टी एका पारड्यात घालता येत नाहीत एवढंच म्हटलं. ते पटलं असं वाटलं नाही. नानांनी विषय बदलला, वांगी यंदा बियाळ निघाली म्हणाले.

१९ डिसेंबर

'ब' निवळत नाही. दोन आठवडे स्थिर ठेवूनही धुरकट, दिव्यासमोर धरली तर पलीकडचं बोट दिसत नाही.

धुरकटपणाला दोन संशयित: पेक्टिन आणि स्टार्च. परीक्षा नळीत वाईन घेऊन दुप्पट-तिप्पट स्पिरिट घातलं. पेक्टिन असतं तर जेलीचे धागे दिसले असते. दिसले नाहीत. दुसऱ्या नळीत आयोडीनचा थेंब. क्षणात कड निळी झाली, मग जांभळट. स्टार्च! देठाकडचा भाग पूर्ण उतरला नव्हता. नानांचं देठाला दाबून बघणं मला आठवलं. तीन दिवस आणखी थांबायला हवं होतं का, यावर मुलींचं आणि माझं एकमत नाही. पण स्टार्च तोडणारं अमायलेझ एन्झाइम घालायचं यावर आहे.

३ जानेवारी २०२५

तुलनेसाठी नाशिकची शेनिन ब्लां, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन, हवी होती. महाराष्ट्रात द्राक्ष प्रक्रियेचं धोरण २००१ मध्ये आलं आणि त्यानंतर नाशिकभोवती वायनरी वाढल्या. तिथल्या पांढऱ्या वाईनमध्ये ही जात पुष्कळ. जळगावच्या दुकानात मी स्वतःच गेले, रसायनशास्त्राच्या मॅडमना सोबत घेऊन. काउंटरवर रांग होती, आम्हाला बघून ती दुभंगली. दुकानदारानं विचारलं, "औषधाला का ताई?" मी हो म्हटलं, वाद नको. एक दिवसाचा परवाना लिहिला, बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली, मग काळ्या पिशवीत, मग दुसऱ्या काळ्या पिशवीत. बाटलीवर द्राक्षाचं सुंदर चित्र होतं, ते कोणाला दिसू नये याची इतकी काळजी.

बाटली प्रक्रिया-खोलीत उघडली, गार करून, दहा अंशांवर. पेल्यात तिसरा हिस्सा, फिरवून, हुंगून, मग घोट तोंडात फिरवून थुंकणीत. पहिल्या हुंगण्यात मला काहीही कळलं नाही. दुसऱ्यात पेरू. तिसऱ्यात कच्चं सफरचंद. आंबटपणा जिभेच्या कडांना धरून शेवटपर्यंत राहतो. लगेच आमची 'ब' चाखली. ती सुरुवात करते आणि मधेच सोडून देते. फरक आंबटपणाचा आहे, वासाचा नाही. पीएच आम्ही सुधारला, पण एकूण आम्ल कमीच राहिलं.

१२ जानेवारी

पहाटे हरभऱ्यात गेले. आमच्याकडे रात्री हरभऱ्यावर धोतराचं ओलसर फडकं फिरवतात किंवा अंथरतात आणि पहाटे पिळून आंब काढतात. पोटदुखीवर नानांची हीच बाटली. पानांवरच्या केसांतून झरणारं ते आम्ल, मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक. जिभेवर एक थेंब घेतला. शेनिन ब्लांमध्ये जे कडांना धरत होतं त्याच्याच घराण्यातलं, कारण द्राक्षातही मॅलिक असतंच. वाईनमध्ये आंब घालणार नाही (ऑक्झॅलिकमुळे), पण मुलींना चाखायला दिली. दोघींनी डोळे मिटून घेतले आणि एकीनं लगेच सांगितलं: 'ब' मध्ये हे नाही.

त्यानंतर नाकाच्या शिकवणीला घरचीच फळं-मसाले घेतले. झाकलेल्या वाट्यांत कवठ, मेहरूणची बोरं, दगडफूल, ओली माती, भाजलेली दादर. डोळे बांधून ओळखायचं. दगडफूल कोणालाच ओळखता आलं नाही, आणि रोज काळ्या मसाल्यात घालतो आपण!

२९ जानेवारी

अमायलेझनंतर आयोडीनला रंग नाही. वर बेंटोनाइट, लिटरला पाऊण ग्रॅम. ही मातीच आहे, पाण्यात फुगणारी; तिच्या कणांवरचा ऋण भार प्रथिनांना ओढून तळाशी नेतो. टॅनिन कमी असलेल्या केळीला ती फार उपयोगी. मॅलिक आम्ल लिटरला दीड ग्रॅम.

थंडीनंही मदत केली, पहाटे खोलीत १२ अंश. आज 'ब' दिव्यासमोर धरली. फिकट सोनेरी, पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं. मुलींनी फोटो काढले. 'अ' देखील निवळली, पण तिचा झोत तसाच.

१८ फेब्रुवारी

उन्हाळा आलाच. दुपारी ३५. एप्रिल-मेमध्ये भुसावळला ४५ पार होतं, तेव्हा इथं वाईन ठेवणं म्हणजे तिला शिजवणंच. फ्रिजमध्ये एवढी जागा मायक्रोबायॉलॉजीच्या विभागाला कोण देणार.

विभागामागच्या कडुनिंबाखाली शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधला. दिल्लीच्या पुसा संस्थेची ही जुनी रचना: विटांच्या दोन भिंती, मधे वाळू, ती ओली ठेवायची, वर गोणपाट. हवा कोरडी तितकं पाणी लवकर उडतं आणि आत गार होतं. कोकणात हे चालणार नाही, खानदेशात मस्त चालतं. आजचा आकडा: बाहेर ३५, आत २३. रोज दोनदा पाणी मारायचं काम शिपाईमामांनी आपणहून घेतलं, कुलूप माझ्याकडे.

जॉर्जियात मातीचे अंड्याच्या आकाराचे प्रचंड रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरून त्यात वाईन करतात, आतून मेण लावून. क्वेव्हरी म्हणतात त्याला. युनेस्कोनं ती पद्धत २०१३ मध्ये वारशाच्या यादीत घेतली. आमच्या केळीच्या बागेतली माती मे महिन्यातही फूटभर खाली गार असते. रांजण पुरायला जागा आहे. परवाना नाही.

२५ फेब्रुवारी

चाखणी. अकरा जण, सगळे एकवीस वर्षांवरचे, सही घेऊन, प्रत्येकी २० मिलि, नऊ गुणांच्या आवडीच्या मोजपट्टीवर. पेल्यांवर फक्त तीन आकडी क्रमांक.

'ब' ला 'अ' पेक्षा स्पष्टपणे जास्त गुण. पण सर्वांत जास्त वेळा लिहिलेली तक्रार: "गोड नाही." वाईन म्हटलं की गोव्याहून आणलेली गोड पोर्ट हीच बहुतेकांची ओळख, त्यामुळे सगळी साखर संपलेली वाईन त्यांना अपुरी लागते. रसायनशास्त्राच्या मॅडमनी लिहिलं, "केळं कुठंय?" ते बरोबर आहे. केळं मागेच राहिलं. मात्र तीन जणांनी एकमेकांचं न बघता 'फुलांचा वास' असं लिहिलं, तो माझ्या ३ डिसेंबरच्या नोंदीशी जुळतो.

ज्यांना चहा लांब बसून प्यायचा होता त्या सरांनी 'ब' ला आठ गुण दिले. आवाज न करता पेला परत पुढे केला. दुसरा दिला नाही, रजिस्टर आहे.

९ मार्च

अहवाल विद्यापीठाकडे. उरलेली 'ब', दोन लिटरच्या आत, सील करून कक्षात. सहा महिन्यांनी काय होतं ते बघायचं. 'अ' उघड्या तोंडाच्या बरणीत मलमल बांधून ठेवली, अॅसिटोबॅक्टर जंतू लागू दे, केळीचा व्हिनेगर होईल. व्हिनेगरवर घरात कोणाचा आक्षेप नाही. आईंनी बाटल्याही काढून ठेवल्या आहेत, लोणच्याला लागेल म्हणे.

पुढची खेप जूनमध्ये, जांभळाची. पाल गावाच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी झाडं आहेत, रंग आणि तुरटपणा दोन्ही मिळेल, जे केळीत नाही. बिया फुटता कामा नयेत, कडवटपणा येतो. जूनमध्ये गारवा मात्र मिळणार नाही, तेव्हा शीतकक्षातच आंबवावं लागेल. नव्या तुकडीतल्या चार मुलींनी आत्ताच नावं दिली आहेत, एक मुलगाही.

केळीची दुसरी फेरी नोव्हेंबरमध्ये. देठाची परीक्षा नानांकडे, तसं त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "मंग वापसी कशाले, नवतीतला माल देतो ना." रमजान सुरू आहे, नवतीला भाव चांगला चाललाय. म्हटलं, तो व्यापाऱ्याला द्या, आम्हाला वापसीच ठेवा.